पट्टी तपासणारी लेक गणिताच्या पेपरात का अडते?

प्रश्न : नमस्कार. आम्ही अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी मुलगी सातवीत आहे. ‘समप्रमाण व व्यस्तप्रमाण’ हा धडा झाल्यापासून तिचं गणित बिघडलं. चाचणीत या धड्यावरचे मार्क अर्ध्याहून जास्त गेले. सोबत तिच्या वहीचा फोटो पाठवते. नवल असं की, तिचे वडील मोंढ्यावरून (धान्याच्या बाजारातून) सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, आणतात ती ही पोरगी तोंडी तपासते, कागदसुद्धा घेत नाही. मग वहीत काय होतं? परवा धपाट्याचं पीठ कालवताना मी विचारलं, ‘चार वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी बेसन घेतो, सहा वाट्यांना किती घ्यायचं?’ तर म्हणाली, ‘तीन.’ मी दहावी झालेली आहे, मला एकमान पद्धत यायची. तिचे आजोबा म्हणतात, त्रैराशिक लाव. आठवीतला पुतण्या ‘के’ का काहीतरी लावतो. सर म्हणतात, तिरका गुणाकार पाठ कर. पुढच्या वर्षी एनएमएमएसची (आठवीतली शिष्यवृत्तीची) परीक्षा आहे. तालुक्याला शिकवणी लावू का? जाऊन येऊन दोन तास जातील.
– एक आई

उत्तर : ताई, शिकवणी लावू नका, निदान या धड्यासाठी तरी नको. वहीचा फोटो नीट पाहिला. तुमच्या मुलीचा एकही गुणाकार चुकलेला नाही, एकही भागाकार चुकलेला नाही. आकडेमोड स्वच्छ आहे, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. चूक आकडेमोडीच्या आधी होते, आणि ती दोन तासांच्या एसटी प्रवासाने सुटणारी नाही.

आधी वहीतली दोन गणितं बघू. पहिलं : ६ बायका एका शेताची खुरपणी १० दिवसांत करतात, तर ४ बायकांना किती दिवस लागतील? तिने तिरका गुणाकार केला, १० गुणिले ४ भागिले ६, उत्तर ६ पूर्णांक २/३ दिवस. म्हणजे दोन बायका कमी आल्या आणि काम तीन-साडेतीन दिवस आधीच उरकलं! अशा बायका मिळाल्या तर सगळं गाव खुरपणीला त्यांनाच बोलावेल. दुसरं : ६ पेनांची किंमत ४५ रुपये, तर ८ पेनांची किती? इथे तिने उलटं केलं, ४५ गुणिले ६ भागिले ८, उत्तर ३३ रुपये ७५ पैसे. दोन पेन जास्त घेतले आणि सव्वाअकरा रुपये वाचले. व्यस्तप्रमाण (एक जितक्या पटीने वाढतं, दुसरं तितक्याच पटीने घटतं) नुकतंच शिकवलेलं, म्हणून ते पेनांना लावलं गेलं असावं. दोन्ही गणितांत एकच गोष्ट घडली आहे. तिने आकडे उचलले, साच्यात घातले आणि निघालेलं उत्तर लिहून टाकलं. गणितात बायका होत्या की पेन होते, हे तिने बघितलंच नाही. साचा पाठ असला की बघायची गरजही वाटत नाही.

आता पट्टीकडे या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. तुम्ही पट्टीचा आकडा कळवला नाही, म्हणून मी एक धरतो. १४ कट्टे (पोती), वजन ८ क्विंटल ४० किलो, भाव ४,३०० रुपये. ती तोंडी कसं करत असेल याचा अंदाज सांगतो, चुकलो तर तिलाच विचारून बघा. एका क्विंटलचे ४,३००, म्हणजे आठाचे ३४,४००. राहिले ४० किलो. क्विंटलचे ४,३००, तर दहा किलोचे ४३०, चाळीसचे १,७२०. एकूण ३६,१२०. मग हमाली कट्ट्यावर मोजायची, तोलाई आणि बाकीची कपात वेगळी वजा करायची. यात तिरका गुणाकार कुठेच नाही. तरी समप्रमाण पूर्ण आहे, अगदी पुस्तकात हवं तसं. तिला ‘एकाचा भाव’ कळतो, तो आठपट करता येतो, त्याचा दहावा भाग घेऊन चौपट करता येतो. हमाली वजनावर नसते, कट्ट्यांच्या संख्येवर असते, हेही तिला कळतं. बारा-तेरा वर्षांच्या लेकराला एवढं येत असेल तर तिला हा धडा येतो. वहीत ती तो ओळखत नाही, इतकंच.

(त्याच पट्टीवर आणखी एक गणित द्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. ४,३०० ने विकलं तर क्विंटलमागे १,०२८ रुपये कमी आले, आणि ८ क्विंटल ४० किलोला ८,६३५ रुपये २० पैसे. हा आकडा तिने स्वतः काढला की ती तो विसरणार नाही. त्यावर अधिक बोलायला हे सदर नव्हे.)

मग बेसनाचं ‘तीन’ कुठून आलं? ही चूक फार मुलं करतात, आणि ती आळसाची चूक नाही. चाराचे सहा झाले म्हणजे दोन वाढले, म्हणून बेसनातही दोन वाढवले, एकाचे तीन. मूल इथे बेरजेने विचार करतं, पटीने नाही. गंमत अशी की, तुम्ही ‘आठ वाट्यांना किती?’ विचारलं असतं तर ती बहुतेक बरोबर ‘दोन’ म्हणाली असती. दुप्पट, तिप्पट चटकन दिसते. दीडपट, सव्वापट, पाऊणपट आली की पट दिसेनाशी होते आणि मूल हाताशी असलेली बेरीज धरतं. म्हणून पूर्ण पटीची दहा गणितं सोडवून घेऊन ‘आता आलं तुला’ म्हणण्यात अर्थ नाही. सराव दीडपटीचा हवा, अडीचपटीचा हवा. मराठीत तर दीड, सव्वा, पाऊण, अडीच हे शब्द लेकरांच्या तोंडात लहानपणापासून असतात, त्यांचा उपयोग करून घ्या. चार वाट्यांचे सहा म्हणजे दीडपट, मग बेसनही दीडपट, दीड वाटी. एखादे दिवशी तिच्या ‘तीन’ वाटीच्या हिशोबाने थोडंसं पीठ खरंच कालवू द्या. सहा वाट्यांऐवजी दोन वाट्या ज्वारी घ्या आणि एक वाटी बेसन, प्रमाण तेच राहतं. धपाटं थापताना आणि खाताना फरक तिला हाताला आणि जिभेला कळेल. तेच दोनास एक प्रमाण सहास तीन कसं, हे ती स्वतः सांगू शकली तर अर्धा धडा तिथेच झाला.

एकमान, त्रैराशिक, तिरका गुणाकार आणि ‘के’, या चौघांमुळे तुमच्या घरात गोंधळ झालाय, तो आधी मिटवू. चौघंही एकच काम करतात. एकमान म्हणजे आधी एकाचं काढायचं, मग हवं तेवढ्यांचं. आजोबांचं त्रैराशिक म्हणजे तीन आकडे माहीत, चौथा काढायचा. ही रीत आपल्याकडे किमान आर्यभटापासून लिहिलेली आहे, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरीपासून. तीत माहीत असलेल्या जोडीला प्रमाण आणि फल म्हणत, आणि ज्या संख्येसाठी उत्तर काढायचं तिला इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. सरांचा तिरका गुणाकार म्हणजे तेच, फक्त दोन अपूर्णांकांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह घालून लिहिलेलं. आणि पुतण्याचा ‘के’? आठवीत चलनाचा धडा आहे, त्यात समचलन असेल तर एका राशीला दुसरीने भागून येणारी न बदलणारी संख्या म्हणजे के. सोयाबीनच्या पट्टीत के म्हणजे ४,३००, भाव. तुम्ही जिला एकाची किंमत म्हणता तीच. पुतण्याला एकदा विचारा, ‘तुझा के म्हणजे कशाचे किती रुपये?’ त्याला सांगता आलं नाही तर त्यालाही बहिणीशेजारी बसवा.

सरांवर माझा राग नाही. वर्गात पोरं पुष्कळ, वेळ थोडा, आणि साचा मार्क देतो. पण साचा शेवटी यावा. ज्याला एकाचा भाव दिसतो त्याने तिरका गुणाकार केला तर वेळ वाचतो. ज्याला दिसत नाही त्याने केला तर तुमच्या फोटोतल्यासारखं होतं. म्हणून महिनाभर घरी तिरका गुणाकार बंद. शाळेत करू द्या, घरी नाही.

त्याऐवजी तिला गणित आधी दोन ओळींत मांडायला सांगा. वर पेन, खाली रुपये. पेन ६ आणि ८, रुपये ४५ आणि प्रश्नचिन्ह. आता बघायचे रस्ते दोन. उभं बघायचं : सहाखाली पंचेचाळीस, म्हणजे एका पेनाला साडेसात, मग आठांना ६०. किंवा आडवं बघायचं : सहाचे आठ म्हणजे किती पट? इथे ते जरा अवघड आहे, म्हणून उभं बरं. पण ७ वह्यांना १०० रुपये आणि विचारलंय २१ वह्यांचे किती, तिथे उभं बघायला गेलात तर १०० ला ७ ने भागत बसाल, १४ रुपये आणि वर २८ पैसे आणि पुढे कधी न संपणारे दशांश. आडवं बघा, साताचे एकवीस म्हणजे तिप्पट, ३०० रुपये, संपलं. एकमान पद्धत चांगली, पण प्रत्येक वेळी एकाचं काढलंच पाहिजे असा हट्ट नको. कुठल्या बाजूने बघितलं तर सोपं जाईल हे निवडणं म्हणजेच गणित येणं. पट्टी तपासताना ती दोन्ही करतेच. एका क्विंटलवरून आठ क्विंटल, आणि शंभर किलोवरून दहा.

एकाच्या भावाबद्दल एक गोष्ट बहुतेक घरांत सांगायची राहून जाते. तो एक नसतो, दोन असतात. गाडी एका लिटरला ५० किलोमीटर जाते असं धरा. हा एक दर झाला. तोच उलटा केला की एका किलोमीटरला २० मिलिलिटर पेट्रोल, हा दुसरा. ‘टाकीत तीन लिटर आहे, कुठवर जाईल?’ याला पहिला दर लागतो. ‘अंबाजोगाईहून लातूरला जाऊन यायचं, किती पेट्रोल टाकू?’ याला दुसरा सोयीचा. मुलं भागाकार तर करतात, पण आलेला आकडा कशाला कशाचा, हे लिहीत नाहीत, म्हणून पुढे गुणायचं की भागायचं यावर अडतात. म्हणून घरात नियम करा : भागाकाराचं उत्तर नुसतं ‘७.५’ चालणार नाही, ‘एका पेनाला साडेसात रुपये’ असं पूर्ण वाक्य हवं. वाक्य पूर्ण असलं की पुढची पायरी त्यातूनच सुचते.

एककाचा सराव करायला वावरासारखी जागा नाही. पेरणीच्या माहितीपत्रकात सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो दिलेलं असतं. आपल्याकडे हेक्टरात कोण बोलतं? हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तर एकरी किती? पुष्कळ मुलं इथे ७५ ला अडीचने गुणतात, कारण गणितात अडीच दिसला. तिला आधी विचारा, एकर मोठा की हेक्टर? एकर लहान, मग बियाणं कमी लागणार की जास्त? कमी. मग भागायचं, ३० किलो. एकराचे ४० गुंठे, म्हणून गुंठ्याला पाऊण किलो. आता १४ गुंठ्यांच्या तुकड्याला? साडेदहा किलो. एवढ्यात हेक्टरपासून गुंठ्यापर्यंत दर दोनदा बदलला आणि जमीन तीच राहिली.

आता अवघड भागाकडे. सगळ्या गोष्टी प्रमाणात वाढत नाहीत, आणि पुस्तकातल्या या धड्यात सगळी गणितं प्रमाणाचीच असल्यामुळे हे मुलांना कळत नाही. धड्याचं नावच उत्तर सांगून जातं. परीक्षेत धड्याचं नाव नसतं. तुमच्या आठवडी बाजारात माळवं (भाजीपाला) घेताना ऐका : पाव वीसला, अर्धा पस्तीसला, किलो साठला. पावाच्या भावाने किलो ८० ला पडतो, अर्ध्याच्या भावाने ७० ला, आणि किलोच घेतला तर ६० ला. प्रत्येक वेळी भागाकार वेगळा आला, म्हणजे हे समप्रमाण नाही. माळवंवाली मावशी प्रमाण मोडते, आणि का मोडते ते तिला पक्कं माहीत असतं. तिला माल उरवायचा नसतो. लेकीला टोपलीपाशी उभं करून तीन भागाकार करायला लावा, मग पुस्तकातलं ‘दोन राशींचे गुणोत्तर स्थिर असते’ हे वाक्य वाचून दाखवा. स्थिर म्हणजे काय हे स्थिर नसलेलं बघितल्यावर चांगलं समजतं.

रिक्षाचं मीटर तसंच. बसल्याबसल्या कमीत कमी भाडं, मग पुढे किलोमीटरवर. दुप्पट अंतराला दुप्पट भाडं होत नाही. एसटीचं तिकीट टप्प्यावर असतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणून सातव्या किलोमीटरला उतरणाऱ्यालाही दोन टप्प्यांचे पैसे लागतात. हे पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं. पण २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि तुमचं अर्धं आणि तिच्या वडिलांचं पूर्ण या दोन आकड्यांचं नातं मात्र प्रमाणाचं आहे, कुठल्याही गावाला जा, एकास दोन. (एखाद-दोन रुपये पुढे-मागे होतात तेवढा फरक सोडा.) एकाच तिकिटात एक गोष्ट प्रमाणात आणि दुसरी नाही. तिला हे सापडलं तर मला कळवा.

ओळखायला एक सोपी खूण आहे : शून्याला शून्य येतं का? शून्य पेन, शून्य रुपये, ठीक. शून्य किलोमीटर रिक्षा, तरी कमीत कमी भाडं, म्हणजे समप्रमाण नाही. आलेख काढला तर समप्रमाणाची रेघ सरळ असते आणि शून्यातून जाते, त्याचं कारण हेच. पण नुसत्या या खुणेवर विसंबू नका. चौरसाची बाजू २ असेल तर क्षेत्रफळ ४, बाजू ४ असेल तर १६. शून्याला शून्य आहे, पण बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट झालं. म्हणून खूण बघून झाली की दोन-तीन जोड्यांचा भागाकार करायचाच.

आणि काही ठिकाणी प्रमाणाचा प्रश्नच नसतो. अंगणात खाटेवर वाळत घातलेली एक कुरडई दोन दिवसांत वाळते, तर शंभर कुरडया किती दिवसांत वाळतील? हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारा. ‘दोनशे’ म्हणाली तर हसू नका, फक्त अंगणात न्या. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट असेल तर दहा वर्षांनी किती पट असेल, हेही विचारा. वयातला फरक तोच राहतो, पट बदलते. बेसनाच्या चुकीच्या नेमकं उलट. तिथे फरक बदलायला हवा होता आणि पट तीच राहायला हवी होती. वयाचा आणि बेसनाचा असे दोन प्रश्न एकामागून एक विचारले की बेरीज कुठे चालते आणि पट कुठे, हे तिला शब्दांत सांगावं लागेल.

खुरपणीच्या गणिताला आपल्या भागात उत्तम शब्द आहे, रोज. ६ बायका १० दिवस म्हणजे ६० रोज. काम ६० रोजांचं आहे, ते काही कमी-जास्त होत नाही. ४ बायका आल्या तर ६० रोज उरकायला १५ दिवस. १० आल्या तर ६ दिवस. व्यस्तप्रमाणात गुणाकार स्थिर असतो असं पुस्तक म्हणतं, तो गुणाकार म्हणजे हे रोज. एकमान पद्धतीनेही होतं : एकटीला ६० दिवस, चौघींना त्याचा चौथा भाग. इथे एकाचं काढताना गुणावं लागतं, भागून चालत नाही, आणि नेमकं तिथेच मुलं फसतात, कारण ‘एकाचं म्हणजे भागायचं’ असं डोक्यात बसलेलं असतं. तिला खुरपणीचा हिशोब मजुरीसकट करू द्या. रोजाचा दर तुमच्या गावचा घ्या. बायका चार असोत की दहा, एकूण मजुरी तेवढीच येते हे तिला दिसेल. ते दिसलं की ‘६ पूर्णांक २/३ दिवस’ पुन्हा लिहिलं जाणार नाही. वाफसा गेला, पाऊस आला, एक बाई आजारी पडली, हे पुस्तकातल्या शेतात होत नसतं. तिने तो आक्षेप घेतला तर तो बरोबर आहे असं सांगा. सगळ्यांचा वेग सारखा धरलाय, हे गृहीत असतं आणि ते लिहायला हवं.

मोठ्या आकड्यांची भीती असेल तर लातूरचं पाणी घ्या. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, सुमारे २५ लाख लिटर. उभं बघा, वाघिणीला ५० हजार लिटर. आडवं बघा, वाघिणी पाचपट, पाणी पाचपट. आता खरा प्रश्न : माणशी किती? २०११ च्या जनगणनेत लातूर शहर सुमारे ३ लाख ८२ हजारांचं. पहिल्या गाडीचं पाणी सगळ्यांत वाटलं तर माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर. पन्नास वाघिणींचं वाटलं तर साडेसहा लिटर, म्हणजे अर्धा हंडासुद्धा नाही. पंचवीस लाख हा आकडा ऐकायला केवढा मोठा वाटतो! दरडोई काढल्याशिवाय मोठ्या आकड्याचा काही अंदाज येत नाही. बातमीत कोटीचा आकडा दिसला की ‘माणशी किती, एकरी किती?’ विचारायची सवय तिला लागली तर मला फार आनंद होईल, परीक्षेच्या मार्कांपेक्षाही.

किराणा आणताना तिला बरोबर न्या. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम असं वजन असतं. शेजारी तेवढीच दिसणारी, पण ८५० ग्रॅमची दुसरी पिशवी असते असं धरू. पहिली १४५ रुपयांना, दुसरी १४० ला. हात स्वस्त वाटणाऱ्या दुसरीकडे जातो. १०० ग्रॅमचा भाव काढला तर पहिली १५ रुपये ९३ पैशांना, दुसरी १६ रुपये ४७ पैशांना. हल्ली पुष्कळ पाकिटांवर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे हेही छापलेलं असतं, एमआरपीच्या आसपास, भिंगातून वाचावं लागेल इतक्या लहान अक्षरांत. तिला आधी स्वतः काढू द्या, मग छापलेल्याशी ताडून बघू द्या.

वेळ किती द्यायचा? रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि रोज जमलं नाही तरी बिघडत नाही. गणित सोडवायच्या आधी तिने एकच गोष्ट तोंडाने बोलायची : उत्तर जास्त येणार की कमी, आणि का. पेन वाढले, पैसे वाढणार. बायका घटल्या, दिवस वाढणार. मग गणित करायचं आणि उत्तर त्या वाक्याशी जुळतं का ते बघायचं. तुमच्या फोटोतल्या दोन्ही चुका एवढ्यानेच पकडल्या गेल्या असत्या. मात्र बेसनाची चूक यात सापडणार नाही, कारण ‘तीन’ हे एकापेक्षा जास्तच आहे. तिथे पट विचारावी लागते. शाळेच्या पेपरात मार्क मांडणीलाही असतात, म्हणून उत्तर तोंडी आलं तरी दोन ओळींचा तक्ता आणि ‘एकाला इतके’ हे वाक्य लिहायला लावा. एनएमएमएसमध्ये पर्यायी प्रश्न असतात. तिथे ‘जास्त येणार की कमी’ एवढ्यावर चारातले दोन पर्याय पुष्कळदा बाद होतात.

तुम्ही दहावी झालेल्या आहात असं जरा संकोचून लिहिलंय. या धड्याला दहावी पुरून उरते. उलट तुम्ही सगळंच समजावून देऊ नका. तिला विचारा आणि तिला तुम्हाला समजावून द्यायला लावा.

पुढचाच धडा बँक व सरळव्याजाचा आहे. तिथे दर एकाला नसतो, शंभराला असतो, आणि त्यात वर्षही मिसळलेलं असतं, द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. तुम्ही बचत गटात असाल तर शेकडा दोन रुपये हे ऐकलेलं असेल, पण ते महिन्याचं असतं. धडा सुरू व्हायच्या आधीच तिच्यापुढे हे ठेवा : गट कर्ज शेकडा दोन महिन्याने देतो, बँक शेकडा बारा सालाने देते. दहा हजार रुपये सहा महिन्यांसाठी हवेत. व्याज कुठे जास्त, आणि किती? उत्तर तिला काढू द्या. ‘बारा मोठे म्हणून बँक महाग’ असं म्हणाली तर लगेच दुरुस्त करू नका, दोन कुठल्या मुदतीचे आणि बारा कुठल्या, एवढंच विचारा.